एकाच पिशवीतल्या दोन गोळ्या: वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत अडचण एकच आहे. रक्ताच्या कर्करोगाची रोजची गोळी एका डॉक्टरांनी दिलेली असते आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी दुसऱ्यांनी. एक डॉक्टर नागपूरला बसतात, दुसरे तालुक्याला, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या टेबलावर पोचतच नाही. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर असतात, पण ती एकाच शरीरात एकत्र आली की रक्तस्राव होऊ शकतो. रक्तविकार आणि औषधशास्त्राच्या जाणकारांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच बदलायचा.

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे आहेत, वजन ५२ किलो. सीएलएल या रक्ताच्या कर्करोगासाठी वर्षभरापासून इब्रुटिनिब ४२० मि.ग्रॅ. घेतात. मध्यंतरी छातीत धडधड सुरू झाली, ईसीजीत ‘एट्रियल फिब्रिलेशन’, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित, असं निघालं. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायला अपिक्साबान ५ मि.ग्रॅ. दोन वेळा आणि ठोके आवरायला डिल्टियाझेम दिलं. बीपीची गोळी आणि ॲस्पिरिन ७५ आधीपासून चालू आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.० आहे. आता हातापायांवर काळे-निळे डाग पडताहेत. कोणती गोळी बंद करू? (आर्वी तालुका, वर्धा)

उत्तर: तुम्ही स्वतःहून एकही बंद करू नका. अपिक्साबान अचानक थांबवलं तर हृदयात गुठळी होऊन लकवा मारू शकतो, आणि इब्रुटिनिब बरेच दिवस सुटलं तर आजार पुन्हा डोकं वर काढतो. पण या यादीतल्या दोन गोळ्यांबद्दल डॉक्टरांना याच आठवड्यात विचारायला हवं. त्या दोन गोळ्या म्हणजे ॲस्पिरिन आणि डिल्टियाझेम.

आधी डाग का पडतात ते पाहू. शेताचा बांध फुटला की आधी दगड टाकतात आणि मग फटींत माती लिंपतात. रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट हे दगडांचं काम करतात आणि गोठण्याचे घटक फायब्रिनची जाळी विणून ते पक्कं करतात. भिंतीतल्या कोलॅजनला प्लेटलेट चिकटली की तिच्या आत इशारा जातो. तो इशारा पोचवणाऱ्या प्रथिनांपैकी एक आहे बीटीके. सीएलएलच्या पेशी रोखण्यासाठी इब्रुटिनिब हेच बीटीके बंद पाडतं आणि त्यात प्लेटलेटही सापडते. म्हणून रिपोर्टमध्ये प्लेटलेटचा आकडा चांगला असूनही त्यांचं काम अर्धवट राहतं. अपिक्साबान दुसरी पायरी अडवतं, कारण ते गोठण्याचा दहावा घटक थांबवतं. ॲस्पिरिन पुन्हा पहिल्याच पायरीवर, पण वेगळ्या वाटेनं घाव घालतं. तुमच्या वडिलांच्या शरीरात आज ही तिन्ही कामं एकाच वेळी चालू आहेत.

इब्रुटिनिबच्या चाचण्यांतल्या २८०० हून अधिक रुग्णांची नोंद औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात दिली आहे. रक्त पातळ करणारं काहीच चालू नव्हतं अशांपैकी ३.१ टक्क्यांना मोठा रक्तस्राव झाला. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी प्लेटलेटवरची गोळी जोडीला असणाऱ्यांत तो ४.४ टक्क्यांवर गेला, आणि अपिक्साबान किंवा वॉरफरिनच्या गटातली गोळी असणाऱ्यांत ६.१ टक्क्यांवर. म्हणजे ही जोडी धोक्याची आहे खरी, पण ती अजिबात चालत नाही असं नाही. १०० पैकी ९० हून अधिक लोकांना मोठा रक्तस्राव होत नाही. तो धोका आणखी कमी कसा करायचा, एवढंच ठरवायचं आहे.

ॲस्पिरिन कशासाठी सुरू झालं होतं? हार्ट अटॅक, स्टेंट किंवा आधीचा लकवा यांपैकी काहीच नसेल आणि ती फक्त ‘बीपी आहे म्हणून’ चालू असेल, तर आता तिचा फायदा कमी आणि तोटा जास्त आहे. बहुतेक डॉक्टर ती बंद करतील. आमच्या मते या यादीत सर्वांत सहज कमी करता येणारा धोका हाच आहे.

दुसरी डिल्टियाझेम. यकृतातलं जे एन्झाइम इब्रुटिनिबचा निचरा करतं, त्याला ही गोळी मंदावते. गोळी ४२० चीच राहते, पण रक्तात औषध त्याहून जास्त साठतं. ठोके आवरायला मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल चालत असेल तर ही गाठ सुटते. तसं जमत नसेल तर इब्रुटिनिबचा डोस कमी करावा लागतो. व्हेरापामिलचंही हेच आहे.

अपिक्साबानचा डोस वजन बघून काही ठिकाणी अडीचवर आणला जातो. नियम असा आहे: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तरच अडीच. वडिलांच्या बाबतीत फक्त वजनाचीच अट लागू होते, म्हणून पाचचा डोस बरोबर आहे. डाग दिसतात म्हणून तो मनानं अर्धा केला तर लकव्यापासूनचं संरक्षण जातं आणि इब्रुटिनिबचे डाग तसेच राहतात.

इब्रुटिनिबऐवजी त्याच गटातलं ॲकॅलाब्रुटिनिब किंवा झॅनुब्रुटिनिब चालेल का, हेही विचारा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका थेट तुलनेत एट्रियल फिब्रिलेशनचं प्रमाण इब्रुटिनिबवर १६ टक्के आणि ॲकॅलाब्रुटिनिबवर ९.४ टक्के होतं. रक्तस्राव या गटातल्या सगळ्याच औषधांनी होऊ शकतो, त्यामुळे बदल केला तरी सावधगिरी सुटत नाही. खर्चाचा फरकही आधीच विचारून घ्या.

आणि बीपी. मेंदूतल्या रक्तस्रावात त्याचा वाटा मोठा असतो आणि इब्रुटिनिब स्वतःच बीपी वाढवतं. उपकेंद्रात आठवड्याला एकदा मोजून वहीत लिहा. १४०/९० च्या वर वारंवार जात असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

नुसते चपटे, न दुखणारे डाग या औषधावर नेहमीचे आहेत. डाग तळहाताहून मोठा झाला, कडक गाठ आली, तो वाढत चालला किंवा तोंडात रक्ताचे फोड आले, तर त्याच दिवशी रक्त तपासा.

प्रश्न: आईच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे, माइट्रल. दहा वर्षांपासून रक्त पातळ करायला असेनोकूमारोल घेते, आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा) तीनच्या आसपास असायचा. दोन महिन्यांपूर्वी सीएमएल हा रक्ताचा कर्करोग निघाला, इमॅटिनिब ४०० सुरू झालं. आता आयएनआर ५.८ आला आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. गोळी तीच, जेवण तेच, मग असं का? (दारव्हा, यवतमाळ)

उत्तर: नवीन गोळी जुन्या गोळीचा निचरा अडवते म्हणून. असेनोकूमारोल आणि वॉरफरिन यकृतातल्या ज्या एन्झाइमांनी संपतात, त्यांचा वेग इमॅटिनिब कमी करतं. इमॅटिनिब घेणाऱ्याला रक्त पातळ करायची गरज पडली तर वॉरफरिनऐवजी हेपरिन वापरावं, असं इमॅटिनिबच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. पण तुमच्या आईला ते कायमचं लागू होत नाही. धातूच्या झडपेला अपिक्साबान, रिव्हारॉक्साबान, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्या चालत नाहीत. ‘नवीन गोळी घ्या, आयएनआर करायची कटकट नाही’ असं कोणी सुचवलं तरी ऐकू नका. त्यात झडप गुठळीनं अडकण्याचा धोका आहे. म्हणजे असेनोकूमारोल राहणारच, फक्त डोस नव्यानं बसवावा लागेल.

५.८ आणि हिरड्यांतून रक्त, म्हणजे आजच डॉक्टरांना फोन करा. साधारणपणे एक-दोन डोस चुकवून आयएनआर पुन्हा तपासतात आणि मग कमी डोसवर सुरू करतात. असेनोकूमारोलचा असर वॉरफरिनपेक्षा लवकर उतरतो, त्यामुळे दोनच दिवसांत फरक दिसतो. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन गावात कोणाकडूनही घेऊ नका. जास्त मात्रेत दिलं तर नंतर कित्येक दिवस आयएनआर वर येत नाही आणि झडपेला तेच दिवस जड जातात. माइट्रल जागी धातूची झडप असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. तो दोनच्या खाली गेला तर तेही संकटच आहे.

दुसरी गोष्ट प्लेटलेटची. इमॅटिनिबच्या पहिल्या काही आठवड्यांत प्लेटलेट उतरू शकतात, म्हणून पहिला महिना दर आठवड्याला आणि दुसरा महिना दर पंधरवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचा असतो. प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या तर इमॅटिनिब थांबवून ७५,००० झाल्यावर पुन्हा सुरू करतात. आईचा सीबीसी शेवटचा कधी झाला ते बघा. आयएनआर वर आणि प्लेटलेट खाली, हे दोन्ही एकाच आठवड्यात घडलं तर हिरड्यांवर भागत नाही. इमॅटिनिब थांबवलं की आयएनआर परत खाली येतो हेही ध्यानात असू द्या. कर्करोगाच्या गोळीत कोणताही बदल झाला की ३ ते ५ दिवसांत आयएनआर करायचा.

रिपोर्टबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गावच्या कलेक्शन सेंटरवर चूक इथेच होते. आयएनआरचं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तीत सोडियम सायट्रेट असतं आणि त्याच्या नऊ पट रक्त लागतं. नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी राहिली तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वर दिसतो. नमुना घेतल्यापासून २४ तासांच्या आत तपासणी व्हावी. शनिवारी घेतलेली नळी सोमवारी जिल्ह्याला गेली तर त्या आकड्यावर डोस ठरवण्यात अर्थ नाही. सीबीसीची जांभळी नळी वेगळी. तीत काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. आकडा अचानक पडला पण अंगावर एकही ठिपका नाही, असं असेल तर काचपट्टीवर बघून मोजायला सांगा. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये जा.

पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ, मधल्या काळात पालक-मेथी. पालेभाज्या सोडायच्या नाहीत, पण खाण्याचं प्रमाण आठवड्याला सारखं ठेवा. महिनाभर काहीच नाही आणि मग आठवडाभर रोज तरोटा, अशानं आयएनआर झोके घेतो.

असेनोकूमारोल १, २, ३ आणि ४ मि.ग्रॅ. अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. दुकान बदललं की पट्टीवरचा आकडा वाचूनच गोळी घ्या.

प्रश्न: आमची संत्र्याची बाग आहे. इब्रुटिनिबच्या कागदावर संत्रं टाळा असं लिहिलंय. घरचं संत्रंही बंद? (वरूड, अमरावती)

उत्तर: नाही. तो इशारा ग्रेपफ्रूट आणि सेव्हिल जातीच्या कडू संत्र्यासाठी आहे, मार्मालेड बहुधा त्याचाच असतो. नागपुरी संत्रं मँडरिन गटातलं, ते खा. मोसंबीही चालते. पपनस म्हणजे चकोतरा मात्र ग्रेपफ्रूटच्या जवळचा, तो टाळा.

प्रश्न: माह्या बुढ्याले सीएलएल हाय, इब्रुटिनिब अन् रक्त पातळ व्हायची गोळी दोन्ही चालू हायेत. सोयाबीन सोंगाले गेला का अंग दुखते, मंग गावातल्या डॉक्टरकून सुई घेते. हे चालते का? अन् ताप आला तं काय द्याव? (बार्शीटाकळी, अकोला)

उत्तर: सुई चालत नाही, आणि त्याला कारणं दोन. अंगदुखीच्या सुईत बहुधा डायक्लोफेनॅक असतं, कधी सोबत डेक्सामेथासोनही. डायक्लोफेनॅक प्लेटलेटला आणखी ढिलं करतं आणि पोटाचं अस्तर सोलतं; स्टेरॉइड जोडीला असेल तर अल्सरची शक्यता वाढते. दुसरं म्हणजे दंडात किंवा कुल्ल्यात खोल टोचलं की स्नायूत रक्त साठून मोठी, दुखरी गाठ होते. आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन आणि त्यांच्या पॅरासिटामॉलसोबतच्या मिश्रगोळ्या सगळ्या याच रांगेत येतात. पट्टीवर ‘पॅरासिटामॉल’ दिसलं म्हणून फसू नका, त्याच्या पुढचं नाव वाचा.

नुसतं पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० दोन-तीन वेळा चालतं. रक्त पातळ करायची गोळी वॉरफरिन किंवा असेनोकूमारोल असेल आणि पॅरासिटामॉल बरेच दिवस रोज दोन ग्रॅमपर्यंत जात असेल, तर त्यानंही आयएनआर चढतो. डॉक्टरांना सांगून तपासणी करा.

तापाचं मात्र वेगळं. या आजारात १००.४ अंश फॅरनहाइटचा ताप म्हणजे जंतुसंसर्ग असू शकतो, घरी गोळी देऊन दोन दिवस बघायचं नाही. डेंग्यूच्या दिवसांत तर त्याच दिवशी सीबीसी हवाच. त्यात प्लेटलेट पडतात आणि इथे आधीच दोन औषधं रक्त नीट गोठू देत नाहीत. मोठ्या डोसमधली रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायला साधारण ५०,००० प्लेटलेट लागतात. त्याखाली डॉक्टर डोस कमी करतात आणि २५,००० च्या खाली ती बहुधा थांबवतात.

गोळ्या लिहून देणाऱ्याला दोन्ही औषधांची नावं सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन इब्रुटिनिब वाढवतात. हगवणीवर सर्रास मिळणारं मेट्रोनिडाझोल आणि कोट्रायमॉक्साझोल आयएनआर झपाट्यानं चढवतात. टीबीचं रिफाम्पिसिन उलटं करतं, दोन्ही औषधं निकामी करतं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि लसणाचा अर्क बंद ठेवा. भाजीतला लसूण आणि हळद नेहमीसारखी चालते.

प्रश्न: सीएमएलसाठी डासाटिनिब १०० घेतो. चार महिन्यांपूर्वी स्टेंट पडला. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि सकाळी पॅन्टोप्राझोल चालू आहे. काही सांभाळायचं का? (ब्रह्मपुरी, चंद्रपूर)

उत्तर: हो, आणि तुमची गाठ जरा अवघड आहे. डासाटिनिब प्लेटलेटचा आकडाही कमी करू शकतं आणि त्यांचं कामही बिघडवतं. त्यावर दोन प्लेटलेटरोधक गोळ्या आहेत. सर्वांत जास्त भीती पोटातल्या रक्तस्रावाची. त्यासाठी पॅन्टोप्राझोल दिलं ते योग्यच, पण डासाटिनिब विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोलनं आम्ल कमी झालं की डासाटिनिब पुरेसं शोषलं जात नाही आणि कर्करोगावरचा ताबा सुटू शकतो. बीसीआर-एबीएलचा, म्हणजे सीएमएल किती उरलाय ते दाखवणारा आकडा वर सरकला असेल तर कारण इथेच असू शकतं. ॲकॅलाब्रुटिनिबच्या कॅप्सूललाही हीच अडचण येते.

पोटाची गोळी स्वतः काढू नका. पोट उघडं पडेल. क्लोपिडोग्रेल तर मुळीच नाही, स्टेंट बंद पडून हार्ट अटॅक येतो. तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलावं असा आग्रह धरा आणि तीन प्रश्न लिहून न्या. दोन गोळ्यांपैकी एक कोणत्या तारखेला थांबेल? स्टेंट अटॅक आल्यावर टाकला होता की अटॅक न येताच, यावर ते अवलंबून असतं, आणि रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर ही मुदत कमी करता येते. डासाटिनिबऐवजी इमॅटिनिब चालेल का? आणि साधं अँटासिड, डासाटिनिबच्या दोन तास आधी किंवा नंतर, एवढ्यावर भागेल का? दम लागू लागला तर तेही लगेच सांगा, या गोळीनं छातीत पाणी होतं.

प्रश्न: इब्रुटिनिब आणि असेनोकूमारोल दोन्ही चालू आहेत. दाढ काढायची आहे. खर्रा (सुपारी-तंबाखू) खातो. (हिंगणघाट)

उत्तर: दंतवैद्याकडे जाण्याआधी दोन्ही डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्या. इब्रुटिनिब लहान कामासाठी साधारण ३ दिवस आधी आणि ३ दिवस नंतर थांबवतात, मोठ्या शस्त्रक्रियेला ७ दिवसांपर्यंत. औषध रक्तातून एका दिवसात जातं, पण ज्या प्लेटलेटवर ते बसलं त्या मरेपर्यंत तशाच राहतात. नव्या प्लेटलेट यायला ते दिवस लागतात. असेनोकूमारोल एका दाढेसाठी बहुधा बंद करत नाहीत. आयएनआर आदल्या दिवशी तपासून ३.५ च्या आत आहे ना, ते पाहतात.

काम सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी ठेवा, म्हणजे रक्त पुन्हा सुरू झालं तर दवाखाना उघडा असतो. एका वेळी एकच दात. टाका घालायला सांगा. रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची ५०० ची गोळी १० मि.ली. पाण्यात विरघळवली की ५ टक्क्यांचं द्रावण होतं. दंतवैद्यांनी सांगितलं तर त्यात भिजवलेला गॉज ३० मिनिटं चावून धरायचा आणि दिवसातून चार वेळा दोन मिनिटं हळूच तोंडात धरून टाकून द्यायचं, गिळायचं नाही.

खर्रा काम अवघड करतो. हिरड्या आधीच सोललेल्या असतात, आणि तोंड पूर्ण उघडत नसेल तर आत गॉज नीट दाबून बसवता येत नाही. दोन बोटंही तोंडात जात नसतील तर ते दंतवैद्यांना आधीच सांगा. दाढ काढल्यावर जखमेत सुपारीचे कण गेले तर गुठळी निघून येते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. निदान त्या दोन आठवड्यांत खर्रा हातात घेऊ नका.

प्रश्न: आमचं गाव एटापल्लीच्या पुढे. रात्री रक्त सुरू झालं, पडणं झालं किंवा साप चावला तर पहिलं काय करायचं? काका सीएलएलचे, दोन्ही गोळ्या चालू. (गडचिरोली)

उत्तर: नाकातून रक्त आलं तर काकांना बसवा, मान मागे नाही तर पुढे झुकवा. नाकाचं मऊ टोक चिमटीत धरून घड्याळ लावून १५ मिनिटं सोडू नका. मधेच उघडून पाहिलं की पहिल्यापासून सुरुवात. दोनदा करूनही थांबलं नाही तर निघा. कापलं तर स्वच्छ कापडानं सलग दाबा. हळद, चहापत्ती, तंबाखू भरू नका.

डोक्याला मार लागला तर रक्त दिसो वा न दिसो, सीटी स्कॅन हवाच. वय जास्त असेल तर मेंदूच्या वरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठतं, आणि पडल्यावर दहा-पंधरा दिवसांनी डोकेदुखी, गुंगी, पाय ओढणं सुरू होतं. इब्रुटिनिबच्या सुरुवातीच्या अभ्यासात वॉरफरिन घेणाऱ्यांत असे रक्तस्राव दिसल्यावर वॉरफरिनवरच्या रुग्णांना पुढच्या चाचण्यांतून वगळलं होतं. बैलानं ढकललं, मोटरसायकलवरून पडले, तरी ‘काही झालं नाही’ म्हणून सोडू नका.

डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी म्हणजे पोटातला रक्तस्राव. लोहाच्या गोळीनंही शी काळी होते, पण ती चिकट नसते आणि तसा वासही येत नाही. रक्ताची उलटी, लाल लघवी, अचानक जोराची डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, चक्कर येऊन अंग गार पडणं, यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा. दोन्ही गोळ्यांचा पुढचा डोस देऊ नका आणि तसं करताना डॉक्टरांना कळवा.

साप चावला तर पळत नेऊ नका, चावलेला अवयव हलू देऊ नका, आवळून बांधू नका, कापू नका. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्ताचे गोठण्याचे घटक संपवतं. काकांचं रक्त आधीच नीट गोठत नाही, म्हणून २० मिनिटांची गोठण्याची चाचणी किंवा आयएनआर बघताना डॉक्टरांना गोळ्यांचं माहीत असलंच पाहिजे. त्यांनी सर्पविषरोधक औषध लागेल म्हटलं तर ते गोळ्यांमुळे थांबवायचं नसतं. धनुर्वाताची सुई टाळू नका, ती बारीक सुईनं घेऊन निदान पाच मिनिटं दाबून धरा.

काकांच्या खिशात एक कागद लॅमिनेट करून ठेवा: आजार, दोन्ही औषधांची नावं, मि.ग्रॅ. आणि वेळ, शेवटचा डोस कधी घेतला, शेवटचा आयएनआर आणि प्लेटलेट तारखेसह, रक्तगट, दोन्ही डॉक्टरांचे फोन. शेवटच्या डोसची वेळ रोज बदलते, ती लॅमिनेशनवर टिकत नाही. त्यासाठी गोळ्यांच्या डबीवर कागदी पट्टी चिकटवून पेनानं लिहा. रक्त थांबवायला कोणतं औषध द्यायचं हे गोळीनुसार वेगळं असतं: वॉरफरिन आणि असेनोकूमारोलला व्हिटॅमिन के आणि गोठण्याचे घटक, डॅबिगाट्रानला इडारुसिझुमाब, इब्रुटिनिबला प्लेटलेट. डॉक्टरांना गोळीचं नाव लगेच मिळालं तर जिल्ह्याला पोचण्याआधी वाटेतूनच रक्तपेढीला फोन जाऊ शकतो.